कासवाच्या पिल्लाची तहान

कासव म्हटले की पाणी आठवते. विहिरीत सोडलेले कासव, गावतळ्याच्या काठी ऊन खात बसलेले कासव, देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून कोरलेले कासव, अशी आपली या प्राण्याशी ओळख असते. मराठीत पाण्यात पोहणाऱ्या आणि जन्मभर जमिनीवर चालणाऱ्या अशा दोन्ही प्राण्यांना हा एकच शब्द आहे. त्यामुळे घरी कासव पाळणाऱ्यांच्या हातून दोन परस्परविरुद्ध चुका घडतात. काही जण जमिनीवरच्या कासवाचे पिल्लू माशांच्या टाकीत सोडतात आणि ते बुडून मरते. काही जण मात्र हा वाळवंटातला प्राणी असल्याचे कुठेतरी वाचतात आणि त्याला कोरड्या पेटीत, कोरड्या वाळूवर, डोक्यावर प्रखर दिवा लावून ठेवतात. पहिली चूक तासाभरात उघडकीस येते. दुसरी उघडकीस यायला महिने लागतात, आणि तोवर पिल्लाची मूत्रपिंडे निकामी झालेली असू शकतात. प्रस्तुत लेख या दुसऱ्या चुकीविषयी आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडचे देखणे चांदणी कासव, ज्याला वर्तमानपत्रांतून 'स्टार कासव' म्हटले जाते, ते घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये गुन्हा आहे. २०२२ च्या सुधारणेनुसार, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' करारातही २०१९ साली त्याला पहिल्या परिशिष्टात घेण्यात आले. वास्तुदोष जातो, भरभराट होते अशा समजुतींपायी ते विकत घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. आफ्रिकेतील सल्काटा ही जात साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात येते आणि असा प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे. युरोपात हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवे घरोघरी दिसतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, नेव्हाडा आणि ॲरिझोना या राज्यांत वाळवंटी कासव रीतसर दत्तक घेता येते, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसमोरही हा प्रश्न येऊ शकतो. पुढील विवेचन मुख्यतः सल्काटाच्या पिल्लांना धरून केले आहे. त्यातील शरीरशास्त्र मात्र जमिनीवरच्या बहुतेक कासवांना लागू पडते.

पांढऱ्या लगद्याचे कारण

अन्नातील प्रथिनांचा वापर झाला की शरीरात नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ उरतात. माणूस ते युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो आणि त्यासाठी भरपूर पाणी खर्च करतो. कोरड्या प्रदेशातील कासवाला ही उधळपट्टी परवडत नाही. ते या पदार्थांचे युरिक आम्लात रूपांतर करते. युरिक आम्ल व त्याचे क्षार, म्हणजे युरेट, पाण्यात जेमतेम विरघळतात आणि पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर पडतात. खिडकीच्या कठड्यावर कबुतरे जो पांढरा डाग ठेवून जातात, तो याच पदार्थाचा असतो.

या व्यवस्थेला पाणी कमी लागते, पण लागतच नाही असे नाही, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. सस्तन प्राण्यांप्रमाणे रक्तापेक्षा अधिक संहत मूत्र तयार करण्याची क्षमता कासवाच्या मूत्रपिंडात नसते. युरिक आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांतून पुढे वाहून नेण्यासाठी पाण्याचा प्रवाह सुरू राहावाच लागतो. प्रवाह मंदावला की स्फटिक आतच साचू लागतात. त्यातच कासव शाकाहारी असल्याने वनस्पतींतून त्याच्या पोटात पोटॅशियम मोठ्या प्रमाणावर जाते. समुद्री कासवांना जादा क्षार बाहेर टाकण्यासाठी डोळ्यांजवळ खास ग्रंथी असतात. जमिनीवरच्या कासवांना अशा ग्रंथी नाहीत. त्यांना पोटॅशियमही बव्हंशी युरेटशी जोडूनच मूत्रावाटे काढावे लागते. त्यामुळे कासवाला सुके अन्न घालायचे आणि पाणी द्यायचे नाही, म्हणजे त्याच्या शरीरात कचरा भरत जायचे आणि तो बाहेर जाण्याचा मार्गही बंद करायचा.

पाठीवरचे नव्हे, पोटातले पाणी

जमिनीवरच्या कासवाचे मूत्राशय हा एक विलक्षण अवयव आहे. ते पातळ भिंतीचे, मोठे आणि दोन कप्प्यांचे असते. आपले मूत्राशय म्हणजे केवळ साठवण. त्यात गेलेले पाणी शरीराला परत मिळत नाही. कासवाच्या मूत्राशयाच्या भिंतीतून मात्र पाणी पुन्हा रक्तात जाऊ शकते. थोडक्यात, तो त्याचा पाण्याचा हौद आहे. १८३५ साली गॅलापागोस बेटांवर गेलेल्या चार्ल्स डार्विनने नोंदवून ठेवले आहे की, तेथील रहिवासी तहानेने व्याकूळ झाल्यास महाकाय कासव मारून त्याच्या मूत्राशयातील पाणी पीत. त्याने स्वतः पाहिलेल्या एका कासवाच्या मूत्राशयातील द्रव स्वच्छ आणि अगदी किंचित कडवट होता.

हा हौद निसर्गात कसा चालतो, याचे उत्तम चित्र केनेथ नॅगी आणि फिलिप मेडिका या शास्त्रज्ञांनी दक्षिण नेव्हाडातील वाळवंटी कासवांच्या अभ्यासातून उभे केले. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. वसंतात कोवळ्या रानवनस्पती खाऊन कासवे पाणी साठवतात. पुढे वनस्पती सुकतात, मूत्राशयातील द्रव दिवसेंदिवस घट्ट होत जातो आणि शरीरातील क्षार वाढतात. उन्हाळ्यात वादळी पाऊस कोसळला की कासवे बिळांबाहेर येऊन डबक्यांतले पाणी पितात, साठलेले जुने घट्ट मूत्र टाकून देतात आणि हौद ताज्या पाण्याने भरून घेतात.

यातला क्रम पाळणाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नवे पाणी मिळाले की कासव जुना कचरा सोडते. नवे पाणी मिळत नसेल तर ते जुने मूत्र धरून ठेवते, कारण त्यात उरलेले थोडेफार पाणी हाच त्याचा शेवटचा आधार असतो. 'आमचे कासव आठवडाभरात लघवीच करत नाही, पेटी अगदी स्वच्छ राहते' असे कौतुकाने सांगितले जाते. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. वाळवंटी कासव दिसल्यास उचलू नये, असे अमेरिकेतील वनाधिकारी पर्यटकांना बजावतात त्याचेही कारण हेच. घाबरलेले कासव मूत्राशय रिकामे करते आणि अवर्षणात ती गळती त्याच्या जिवावर बेतू शकते.

पूर्ण वाढलेला सल्काटा नर ५० किलोंच्या पुढे सहज जातो. त्याचा हौद मोठा. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू मात्र जेमतेम ३० ते ४० ग्रॅमचे असते. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग बराच मोठा, त्यामुळे त्वचेतून आणि श्वासातून पाणी उडून जाण्याचा वेगही मोठा. प्रौढाला आठवडा चालणारी बेगमी पिल्लाला दोन दिवसही पुरत नाही. सहाराच्या दक्षिणेकडील ज्या साहेल पट्ट्यात हा प्राणी राहतो तो प्रदेश रखरखीत आहे हे खरे. पण सल्काटा तेथे दिवसभर उन्हात बसलेला नसतो. तो जमिनीत कित्येक मीटर लांब बीळ खणतो आणि कोरड्या ऋतूचा बराचसा काळ त्या दमट अंधारात काढतो. पिल्लेही बिळांचा आणि झुडपांच्या मुळाशी असलेल्या ओलाव्याचा आश्रय घेतात. वाळवंट आपल्याला दिसते ते वरून.

व्हिएन्ना येथे सल्काटाच्या पिल्लांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला वीसनर व इबेन यांचा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. पाठीच्या कवचावरील एकेक पट्ट उंचावून डोंगरासारखा होणे, ही पाळीव कासवांतील एक सर्रास आढळणारी विकृती. तिचा दोष पूर्वी प्रथिनयुक्त आहाराला दिला जाई. या प्रयोगात पिल्लांचे वेगवेगळे गट निरनिराळ्या आर्द्रतेत व निरनिराळ्या आहारावर वाढवण्यात आले. कोरड्या हवेतील पिल्लांच्या पाठीवर उंचवटे ठळक आले, दमट हवेतील पिल्लांची पाठ बरीच सपाट राहिली आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ ठरला. म्हणजे कोरडेपणाची खूण पाठीवर उमटते. आत मूत्रपिंडांवर काय उमटते ते मात्र दिसत नाही.

दररोजचे स्नान

पिल्लासाठी पसरट पाण्याचे भांडे पेटीत कायम हवे. कुंडीखाली ठेवतात ती मातीची ताटली त्यासाठी उत्तम. ती जमिनीच्या पातळीत बसवावी म्हणजे पिल्लाला चढ-उतार करावी लागत नाही आणि ते उलटे पडण्याचा धोका टळतो. पण केवळ भांड्यावर विसंबून राहू नये. पहिल्या वर्षात रोज एकदा कोमट पाण्यात बसवणे हा पाणी पाजण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून तीनदा पुरे.

पाणी ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाणी आपण जसे कोपर बुडवून पाहतो तसे पाहावे. पाण्याची खोली पाठीचे आणि पोटाचे कवच जिथे एकमेकांना मिळते तेवढीच ठेवावी. मान वर न ताणता नाक पाण्याबाहेर राहिले पाहिजे. उंच कडांचा अपारदर्शक टब घ्यावा. पारदर्शक डब्यात पिल्लू भिंतीवर धडपडत राहते. सकाळी खाणे देण्यापूर्वी पंधरा ते वीस मिनिटे बसवावे, पाणी गार होत आले तर थोडे कोमट पाणी मिसळावे, आणि त्या वेळात फोनवर बोलत दुसऱ्या खोलीत जाऊ नये. पिल्लाने पाण्यात शी केली तर पाणी लगेच बदलावे, नाहीतर तेच पाणी ते पिते. कासव मान खाली घालते, जबडा बुडवते आणि घशाची मंद हालचाल सुरू होते. ही हालचाल पाहिली की ते पीत आहे असे समजावे. ते कवचातून किंवा शेपटीकडून पाणी शोषते असे अनेक जण सांगतात, पण पाणी पिण्याचे काम ते मुख्यतः तोंडानेच करते. ग्लुकोज, मीठ-साखर, 'इलेक्ट्रॉल' असे काही या पाण्यात आपल्या मनाने घालू नये. ड्रॉपरने घशात पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

हा टब त्याच कामासाठी वेगळा ठेवावा आणि स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये. कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हात साबणाने धुणे लहान मुलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे.

पेटीच्या हवेकडेही लक्ष हवे. सल्काटाच्या पिल्लाला ७० ते ८० टक्के आर्द्रता मानवते, पण उबेसह. ऊन शेकण्याची जागा ३५ अंशांच्या आसपास आणि रात्रीही तापमान २६-२७ अंशांखाली जाऊ नये. दमट आणि गार अशी जोडी पिल्लाला न्यूमोनियाकडे नेते, हे मुंबईच्या पावसाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत विसरता कामा नये. उलट पुण्या-नागपुरातल्या मे महिन्यात पंखा, दिवा आणि उघडी पेटी मिळून ओलावा दुपारपर्यंत संपवतात. रोपवाटिकेत मिळणारे कोकोपीट तळाशी ओलसर ठेवावे, वरचा थर हाताला जेमतेम दमट लागावा. एका कोपऱ्यात पालथी कुंडी ठेवून तिच्या खाली ओले मॉस घालावे. पिल्लू त्यालाच बीळ समजते. शंभर-सव्वाशे रुपयांचा शोभेचा वल्कलाचा तुकडा घेण्यापेक्षा तेवढ्या पैशांत आर्द्रतामापक घ्यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आहारातूनही बरेच पाणी जाते. हरळी, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे तुकडे हे सारे धुऊन ओलेच द्यावे. मोड आलेली मटकी-मूग पौष्टिक म्हणून देण्याचा मोह आपल्या घरांत फार होतो. पनीर, पोळी, मांजराचे खाद्यही दिले जाते. या प्रथिनांतूनच युरिक आम्ल वाढते आणि आधीच तहानलेल्या पिल्लाला ते झेपत नाही. पालक, चुका, चाकवत, घोळ या भाज्यांतील ऑक्झलेट अन्नातील कॅल्शियम अडवते, म्हणून त्या नेहमीच्या खाण्यात नकोत.

पेटीत काय पडले आहे ते पाहा

रक्त तपासणी आणि क्ष-किरण यांच्या आधी, दररोज, फुकट मिळणारी तपासणी म्हणजे तो पांढरा लगदा. तो घट्ट दह्यासारखा किंवा टूथपेस्टसारखा मऊ असेल आणि सोबत पाण्यासारखे स्वच्छ मूत्र असेल तर काळजीचे कारण नाही. हातमोजा घालून बोटांत चोळल्यावर रव्यासारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडते आहे. खडूच्या तुकड्यासारखे कठीण खडे पडू लागले तर वेळ फार थोडा आहे. रोज स्नान करणाऱ्या पिल्लाच्या मूत्रात कधीकधी पांढरे काहीच दिसत नाही. त्याने घाबरू नये. बीट किंवा निवडुंगाची लाल बोंडे खाल्ल्यास रंग बदलतो, तेही निरुपद्रवी. मात्र लगदा हिरवा असेल, किंवा तसे काही खाल्लेले नसताना तांबूस असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावे, तेही नेहमी स्नानापूर्वी. नंतर केल्यास पिलेले पाणी वजनात धरले जाते आणि फसगत होते. डोळे खोल जाणे, मानेची त्वचा सुरकुतणे, लाळ चिकट होणे, उचलल्यावर रिकाम्या डबीसारखे हलके लागणे ही लक्षणे दिसली तर निर्जलीकरण बरेच पुढे गेले आहे असे समजावे. अशा पिल्लाला आधी पाणी आणि ऊब द्यावी. जबरदस्तीने भरवू नये. मूत्रपिंडे कोरडी असताना अन्न गेले तर युरिक आम्लाची भर पडते.

खडा झाल्यावर

मूत्राशयात साठलेल्या युरेटवर थरावर थर चढून मुतखडा बनतो. सल्काटा आणि अमेरिकी वाळवंटी कासव या दोन जातींत तो विशेष आढळतो. मोठ्या कासवात तो कोंबडीच्या अंड्याएवढा किंवा त्याहूनही मोठा होऊ शकतो. लहान पिल्लात वाटाण्याएवढा खडाही मार्ग अडवायला पुरतो. कुंथणे, शेपटी सतत ताणणे, मागचे पाय ओढत चालणे आणि खाणे बंद होणे ही त्याची लक्षणे. क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसतो. लहान खडा दुर्बिणीने शेपटीखालच्या मार्गातून किंवा मागच्या पायापुढील मऊ त्वचेला छेद देऊन काढता येतो. मोठ्या खड्यासाठी पोटाकडचे कवच करवतीने चौकोनी कापून खिडकी उघडावी लागते. ते कवच पुन्हा बसवले तरी सांधायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

युरिक आम्ल मूत्राशयाऐवजी सांधे आणि हृदयाच्या आवरणावर साचले तर त्याला गाऊट म्हणतात, आणि तेथून मागे फिरणे क्वचितच शक्य होते. दुर्दैवाने रक्तातील युरिक आम्ल वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांचे बरेचसे काम आधीच थांबलेले असते. पहिल्या काही आठवड्यांत कोरडे राहिलेले पिल्लू चौथ्या-पाचव्या महिन्यात, मालक बदलल्यानंतर, अचानक खाणे सोडते. दोष मग नव्या मालकाच्या पदरी येतो. विकत घेताना पिल्लाला पहिले काही आठवडे कसे ठेवले होते हे विचारावे ते यासाठी.

एक इशारा आपल्या घरगुती वैद्यकाविषयी. मुतखड्यावर पानफुटीची पाने देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कासव पाने खातेच, म्हणून तीच त्यालाही दिली जाण्याचा संभव असतो. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात आणि ती चरल्याने गुरे दगावल्याची उदाहरणे आहेत. माणसाच्या खड्यावरची अन्य औषधेही देऊ नयेत. माणसात खडा बहुधा कॅल्शियमचा असतो, कासवात मुख्यतः युरेटचा.

आता राहिला चांदणी कासवाचा प्रश्न. शेजाऱ्याने सोडून दिलेले, सोसायटीच्या बागेत सापडलेले किंवा तस्करांच्या पिशवीतून सुटलेले असे पिल्लू आपल्या हाती आले, तर ते वनविभागाच्या स्वाधीनच करावे लागते. चिकटपट्टीने गुंडाळून प्रवासात आणलेली ही पिल्ले बहुधा कित्येक दिवसांची तहानलेली असतात. वनविभागाला कळवल्यानंतर त्यांचा माणूस येईपर्यंत पिल्लाला सावलीत, कोमट उथळ पाण्यात पंधरा मिनिटे बसवावे, पुसून पुठ्ठ्याच्या खोक्यात ओलसर कापडावर ठेवावे, आणि खायला काहीही देऊ नये. पाण्यात त्याने पांढरे खडे टाकले असतील तर ते टाकून न देता एका डबीत घालून पिल्लासोबत द्यावेत. पुढे तपासणाऱ्या पशुवैद्याला त्यांचा उपयोग होतो.